चंद्रीच्या डोंगरावर पाच सुपं

खर्ड्याला लोक किल्ला बघायला जातात. मी एसटीच्या खिडकीतूनच किल्ल्याला हात जोडले आणि पुढे गेले, कारण मला माझ्या धाकट्या बहिणीचा डोंगर बघायचा होता. बघायचा होता म्हणजे त्यात खोट काढायची होती. हे आधीच सांगून टाकते. निघताना बरोबर काय काय नेलं ते प्रवासाला जाणारे लिहितात. मी अंगावरचं लुगडं, एक जादा, गुडघ्याच्या गोळ्या, शेंगदाण्याचे लाडू आणि चांगला मुरलेला मत्सर एवढं नेलं होतं. लाडू सोडले तर बाकी सगळं परत आलं.

मत्सराचं मूळ जुनं आहे. मी पारनेर तालुक्यातली. चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या गावात जीपमधून माणसं आली आणि म्हणाली, डोंगर काही वर्षं चराईला बंद करा, कुऱ्हाड बंद करा, झाडं लावा. तेव्हा गावात सुमन नावाची एक तरणी सून होती. पदर खोचून, सात शेळ्या घेऊन ती जीपच्या आडवी बसली. "आमच्या शेळ्यांनी काय तुमच्या फायली खायच्या का?" म्हणाली. लोक हसले, टाळ्या पडल्या, जीप माघारी गेली. त्या सुमनला वाटलं आपण दिल्ली घेतली. पुढे महिनाभर ती अशी ताठ मानेनं चालायची की डोक्यावर हंडा नसताना हंडा आहे असं वाटावं. शेळ्यांनी डोंगर खाल्ला, मग शेळ्याही विकाव्या लागल्या. आज आमचा डोंगर इतका स्वच्छ आहे की वर पडलेला थेंब चहाला न थांबता खाली निघून जातो. ती सुमन म्हणजे मीच. भेटली असती तर दोन ठेवून दिल्या असत्या.

तसलीच जीप दोन वर्षांनी चंद्रीच्या सासरी गेली. चंद्री लहानपणापासून मऊ. ती बिचारी हो म्हणाली.

फाट्यापासून चंद्रीच्या दारापर्यंत

नगरच्या स्टँडावर गाडी बदलली. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय, कंडक्टर अजून 'नगर, नगर' ओरडतो, आणि माणसं बरोबर उतरतात. जामखेड मागे पडलं तसे बोडके माळ दिसू लागले. मला बरं वाटलं. म्हटलं, इकडेही आपल्यासारखंच आहे, उगाच फोनवर मोठेपणा सांगते. फाट्यावरून टमटम घेतली, एका वळणाला ती वळली आणि समोर चंद्रीचा डोंगर. हिरवा. तोही एका रंगाचा नाही. खाली पोपटी, मध्ये काळसर, कडेला पिवळट. एखादीनं कपाटातली सगळी लुगडी एकदम पांघरून दारात उभं राहावं तसा.

"हे सरकारचं का रे बाबा?" मी टमटमवाल्याला विचारलं.

"गावाचं हाय, आज्जी. चंद्राबाईंचं म्हना की."

चंद्राबाईंचं म्हना! उरलेला रस्ता मी त्याच्याशी बोलले नाही.

चंद्री दारातच होती. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. पन्नासेक वर्षं इकडे राहून तिची भाषा अशी झालीय की निम्मं बोलणं मला मनात उलटं करून घ्यावं लागतं.

"काय बघायलीस, आक्का? वाळलीस लई."

"तू मात्र सुटलीस," मी म्हटलं. सुरुवात चांगली झाली.

जेवायला हुलग्याचे शेंगोळे, लसणाचा ठेचा आणि बाजरीची भाकरी होती. आमच्याकडे भाकरी पातळ थापतात, इकडे जाड. पण शेंगोळ्यांच्या रश्शात जाड भाकरीच टिकते हे दुसऱ्या घासाला कळलं. सांगितलं नाही. मागून परातभर सीताफळं आली, डोंगरातली.

"बिया फार आहेत गं यांच्यात," मी म्हणाले.

"सीताफळात बियाच आसत्यात, आक्का."

मग मला बोलावताना तिनं फोनवर अर्धवट सांगितलेलं पुरतं सांगितलं. दोन दिवसांनी गावाची बैठक होती. डोंगराचा पुढच्या दहा वर्षांचा आराखडा ठरायचा होता: कुठे गवत, कुठे सरपण, कुठे काय. दसऱ्याच्या आत उरकायचंच, कारण दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला जातं आणि मग डोंगराबद्दल बोलायला फक्त म्हातारी आणि शेळ्या उरतात. गेल्या दोन बैठका काही न ठरता फिसकटल्या होत्या.

"कशावरून?" मी विचारलं.

"बघशील की," म्हणाली आणि ताटं उचलली.

गवताच्या पट्ट्यात

दुसऱ्या दिवशी बायकांबरोबर गवताला गेले. आमच्याकडे जो आधी उठेल त्याचं गवत. इथे डोंगराचा एकच पट्टा उघडतात, घरटी एकजण विळा घेऊन जाते, कापायचं आणि डोक्यावर आणायचं. जनावर डोंगरात न्यायचं नाही. सगळ्या जणी एका ओळीत वाकून कापत पुढे सरकत होत्या, कोणी कोणाच्या पुढे जात नव्हतं. मला वाटलं, आता यांना दाखवू पारनेरचा हात. भराभर चढले, वाळल्या पवना गवतावरून पाय सटकला आणि बसल्या बसल्या दहाबारा हात खाली आले.

"पाव्हनी घसरली का घसरगुंडी खेळायली?" खालून एक बाई म्हणाली. तिनंच मला उठवलं आणि लुगड्यातली कुसळं काढत बसली. कुसळं निघेपर्यंत तासभर गेला, तेवढ्यात तिची सगळी माहिती कळली. ती मुक्ताबाई. चार शेळ्या, मुलगा आणि सून दरसाल उसाला जाणारे.

"यंदा सूनबाई पोटुशी हाय," ती म्हणाली. "सहावा लागलाय. तशीच जानार फडावर, मोळ्या उचलाया. डोंगरात लाकूड काढायचं काम निघालं आसतं तर दोघंबी हितंच ऱ्हायली आसती."

"मग निघू दे की."

तिनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज बारीक केला. "काम हाय ते जुन्या लागवडीत. फारेस्टच्या मॅडमनी दोनदा सांगितलं. गवताला बी तीच जागा लागती. पन ती झाडं चंद्राकाकूंनी लावलेली. माझ्या बाळंतपनात त्या बाईनं मला म्हैनाभर खाऊ घातलंय. त्यांच्या झाडाला कुऱ्हाड लावा, आसं मी कुठल्या तोंडानं म्हनू? गावात कुनीच म्हनंना."

आलं लक्षात. दोन बैठका गावाच्या भांडणानं नाही, चंद्रीच्या चांगुलपणानं फिसकटल्या होत्या. एवढा मान! माझ्या गावात मला एवढाच मान आहे की मी बोलायला लागले की लोक टीव्हीचा आवाज वाढवतात.

जुनी लागवड

दुपारून चंद्री मला स्वतःच तिकडे घेऊन गेली. तिच्या चालण्यात एक सावकाशपणा होता, देवळात शिरताना असतो तसा.

गिरिपुष्प आणि सुबाभूळ, ओळीनं लावलेली, उंच, आणि एकमेकांना इतकी चिकटून की प्रार्थनेला उभ्या केलेल्या शाळेसारखी. आत अंधार आणि गारवा. चंद्री बोलत होती. खालच्या विहिरीवरून घागरी वाहिल्या, एका खड्ड्याला एक तांब्या, जास्त नाही; पहिल्या उन्हाळ्यात निम्मी मेली, परत लावली; हे झाड नणंदेच्या, मंगलच्या लग्नाच्या वर्षीचं, ते सासूबाई गेल्या तेव्हाचं. मेलेलं लेकरू पोटाशी धरावं तशी सांगत होती, आणि झाडं तर जिवंत उभी.

मी ऐकत होते, पण माझी नजर खाली होती. शेळ्या राखलेली बाई रानात वर बघत नाही, शेळीच्या तोंडाएवढ्या उंचीवर बघते. तिथे काही नव्हतं. नुसता पाचोळा. काठीनं उकरलं, खाली गवताची काडी नाही, झुडूप नाही, पाखराच्या पायाचा ठसा नाही. एकाच ठिकाणी, वादळात एक सुबाभूळ पडलं होतं तेवढ्या जागेत, ऊन खाली उतरलं होतं. त्या चार पावलांत गुडघाभर पवना, धावड्याची दोन रोपं आणि एक आपटा. कोणी न लावता आलेले.

खोट सापडली. खर्ड्यापर्यंत धक्के खात जिच्यासाठी आले ती. बायका झाडं मोजून लावत होत्या, मधली जागा कोणी मोजलीच नव्हती. मला आनंदानं टुणकन उडी मारावीशी वाटली. आणि तोंडातून मात्र एवढंच आलं, "गार आहे गं इथे."

"गार हाय," चंद्री म्हणाली. तीही त्या उन्हाच्या तुकड्याकडेच बघत होती.

शाळेचं पटांगण

बैठक म्हटली की आमच्याकडे पुरुष पारावर आणि बायका भिंतीआडून ऐकायला. इथे पाणी ज्यांनी वाहिलं त्या बायका पुढे आणि पुरुष मागे, काहीजण तर पार फाटकाशी. बायकांपुढे पाच सुपं ओळीनं मांडलेली. एकात गवताची पेंडी, एकात काटक्या, एकात पाण्याचा तांब्या, एकात सीताफळ. पाचव्यात कोणीतरी मातीचं हरीण करून ठेवलं होतं. ते गाढवासारखं दिसत होतं. प्रत्येक घराला पाच चिंचोके. पुढची दहा वर्षं डोंगरानं काय द्यावं ते त्या त्या सुपात टाकायचं, सगळ्यांदेखत. एकच नियम: कुठलंही सूप रिकामं राहता कामा नये. राहिलं तर बैठक उठत नाही.

मला हे इतकं आवडलं की रागच आला. आम्हाला का नाही सुचलं?

गवताचं सूप बघता बघता भरलं. चंद्रीचा दीर सर्जेराव, दूधवाला, त्यानं पाचही चिंचोके तिथेच ओतले.

"भावजी, पानी न्हाई पित का तुमच्या गायी?" चंद्रीनं विचारलं. लोक हसले. त्यानं दोन उचलून तांब्याच्या सुपात टाकले.

शेवटी हरणाचं सूप तेवढं मोकळं राहिलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग मुक्ताबाई उठली, काटक्यांतला आपला एक चिंचोका काढला आणि तिथे टाकला.

"लांडग्यानं माझी शेळी न्हेली, ठाव हाय समद्यांना," ती म्हणाली. "पन त्यो हाय म्हनून हरनं माझ्या तुरीत रात काढत न्हाईत. ऱ्हाऊ द्या मेल्याला."

रूथ मॅडम वनरक्षक आहेत. श्रीरामपूरच्या, चंद्रीच्या नातीएवढ्या असतील, पण बोलणं पिकलेलं. त्यांनी नकाशा भिंतीला लावला. झऱ्यावरची झाडी पाण्यासाठी, तिथलं पानही तोडायचं नाही. सीताफळाचा उतार रानमेव्याला. ओढ्याकाठी सरपण, आळीपाळीनं. वरची खिंड हरणा-लांडग्यांना. राहिलं गवत. चिंचोके सगळ्यात जास्त आणि जागा सगळ्यात कमी.

"दुसरी कुठंतरी बघा की, मॅडम," सर्जेराव म्हणाला. दुसरी म्हणजे कुठली ते पटांगणातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

"मी तिसऱ्यांदा सांगते," मॅडम म्हणाल्या. "जुन्या लागवडीत तीनातली दोन झाडं काढायची. एकदम नाही, दरवर्षी एक पट्टी. खाली ऊन गेलं की गवत येईल, धावडा-आपटा आपोआप येतील. काढलेलं लाकूड गावाचं आणि कामही गावाचं. नाही काढली तर तिथे दहा वर्षांनीही पाचोळाच असेल."

मुक्ताबाई मातीत बोट फिरवत होती. तिची सून मागे खांबाला टेकून उभी होती, हात कमरेवर.

पाच सुपं उचलली आणि दोन मांडली. एक राखायचं, एक विरळ करायचं. घरटी एक चिंचोका. आणि मग मला ती रीत कळली. परगावचा पाहुणा आला असेल तर पहिला चिंचोका त्याचा. त्याची इथे गाय नाही, शेळी नाही, भावकी नाही, म्हणून.

चंद्रीनं स्वतः माझ्या तळहातावर चिंचोका ठेवला. "टाक, आक्का."

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? अवघड हे की मला दोन्हीकडून एकच गोष्ट करायची होती. शेळीवालीचे डोळे सांगत होते की झाडं काढायला हवीत. आणि माझ्यातली ती जुनी, जीपपुढे बसलेली सुमन म्हणत होती, काढू दे की, बघू दे जरा चंद्राबाईंनाही रान उघडं पडताना कसं वाटतं. कुठली बोलतेय आणि कुठली नुसती तोंड हलवतेय ते मला वेगळं करता येईना. निदान राखायच्या सुपात टाकून स्वतःला चांगलं म्हणवून घ्यावं, असंही एकदा मनात आलं. मग खांबाला टेकलेल्या त्या पोरीकडे नजर गेली.

मी विरळ करायच्या सुपात टाकला. चिंचोका एवढासा, पण आवाज केवढा झाला!

चंद्रीकडे बघितलं नाही. मुक्ताबाई उठली, रडत रडतच आली आणि तिनं माझ्याशेजारी टाकला. मग सर्जेराव. मग घरं एकामागून एक, जणू कोणीतरी बांध फोडावा आणि पाणी निघावं. सगळे एकाच सुपात. शेवटचा चंद्रीचा. ती दोन्ही सुपांपुढे उभी राहिली, पदर सारखा केला आणि राखायच्या सुपात टाकला.

"सूप रिकामं ठिवायचं न्हाई," ती म्हणाली. "येक पट्टी तशीच ऱ्हाऊ द्या. उद्याच्या पोरांना कळू द्या, आमी काय चूक केल्ती ती."

मॅडमनी तसंच लिहून घेतलं. बैठक उठली. चंद्रीनं जेवताना मला न मागता दोन वेळा ठेचा वाढला.

परतायच्या दिवशी

सकाळी ती रंगाचा डबा आणि दोन ब्रश घेऊन दारात उभी. "चल. पयल्या पट्टीत काढायच्या झाडांवर खुना करायच्या हायत."

"माझी गाडी आहे."

"दुपारची हाय. चल."

रस्ताभर मी मागे, ती पुढे. जुन्या लागवडीच्या कडेला ती थांबली आणि वळली.

"खरं सांग, आक्का. रान बगून टाकलास का माझ्यावर जळून?"

साठ-पासष्ट वर्षांत तिनं मला इतकं सरळ कधी विचारलं नव्हतं. "दोन्ही," मी म्हटलं.

"मला ठाव हुतं." ती हसली, सगळे उरलेले दात दाखवून. "म्हनून तर तुला बोलिवलं. तीन वर्सं झाली मला कळून, हितं काय बी उगवत न्हाई म्हनून. पन मी म्हनलं की झाडं काढा, तर गाव म्हननार काकूनं आमच्यासाठी जीव मारला, आन् कुनी काढनार न्हाई. दुसऱ्या कुनी म्हनायला पायजे हुतं. गावात माझ्यावर जळनारं मानूसच न्हाई, काय करू?"

नकाशात पाणी होतं, गवत होतं, लांडगा होता. माझा जळफळाटही या बाईनं हिशेबात धरला होता! मऊ म्हणे.

रागानं मी ब्रश बुडवला आणि सुटले. पहिल्या झाडावर फराटा, दुसऱ्यावर फराटा, एक सोडून पुढच्यावर फराटा.

"दम धर," चंद्री ओरडली, "समदंच रान न्हाई काढायचं!"

आठवं की नववं झाड असेल. सुबाभळीचं, इतरांसारखंच, ना त्यात घरटं, ना काही खूण. बुंध्याला हात टेकवला, ब्रश उचलला, आणि ब्रश वरच राहिला. एक तांब्या. त्या वर्षी याच्या वाट्याला एकच तांब्या आला असेल आणि तेवढ्यावर हे एवढं वर गेलं.

"हे राहू दे," मी म्हणाले.

"का?"

"असंच."

"आसंच म्हनत बसलीस तर गाडी बी जाईल आन् रान बी." तिनं माझ्या हातातला ब्रश काढून घेतला, झाडाला एकदा तळहातानं थोपटलं आणि लाल पट्टा ओढला. सरळ, नीट. मग पुढच्या झाडाकडे गेली.

मी, जिनं आयुष्यात एक झाड जगवलं नाही, तिच्या रानात पदरानं डोळे पुसत उभी. तिचे कोरडे होते. तेवढ्यावरूनही मला तिचा हेवा वाटला.